जानेवारीतली सावली मे महिन्यात कुठं जाते?

*काकू, नमस्कार. आम्ही मार्गशीर्षात जुळे सोलापुरात नव्या रो-हाऊसमध्ये राहायला आलो. पोर्चचं तोंड पश्चिमेला आहे. 14 फूट रुंद, 10 फूट खोल, वर स्लॅब, पुढं अडीच फुटी विटांचा कठडा आणि मधे गाडीची वाट. समोर मोकळा प्लॉट. डाव्या हाताला, दक्षिणेला, शेजाऱ्यांचं दोन मजली घर आहे, ते आमच्यापेक्षा सात फूट पुढं आलंय. उजवीकडं गेटबाहेर कडुलिंब. कठड्याबाहेर दीड फूट मातीची पट्टी आहे.*

*जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, हौसेनं अकरा कुंड्या आणल्या. दोन अरेका पाम, एक बोस्टन फर्न, तीन अग्लोनिमा, दोन पिटुनिया, एक डेलिया, एक इक्झोरा आणि एक मनी प्लांट. फेब्रुवारीपर्यंत येणारे-जाणारे थांबून बघायचे. एप्रिल संपेपर्यंत सगळं गेलं. राहिला फक्त मनी प्लांट, तोही नको म्हणून कठड्यामागं जमिनीवर ठेवलेला. आणि गेटबाहेर फरशीच्या फटीत एक सदाफुली आपोआप उगवलीय, तिला कुणी पाणीसुद्धा घालत नाही, ती मात्र फुललीय.*

*पाणी मी रोज घालत होते. नळ चार दिवसांआड येतो, म्हणून झाडांना बोअरचं पाणी. सासूबाई म्हणतात, तुळस आणि मोगरा लाव, बाकीचे लाड सोड. हे म्हणतात, प्लॅस्टिकची आणू. मुलगा अडीच वर्षांचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. स्कूटरही पोर्चमध्येच लावावी लागते. तीन हजार रुपये बाजूला काढलेत. अर्धं ऊन, अर्धी सावली असलेल्या जागेत नेमकं काय लावू? की माझ्या हातालाच गुण नाही?*

*– एक वाचक, जुळे सोलापूर*

तू काकू म्हटलंस, म्हणून मी सरळ अगंतुगंवर येते.

हाताच्या गुणाचं आधी मनातून काढून टाक. अकरा कुंड्यांपैकी तीन, म्हणजे दोन पिटुनिया आणि डेलिया, तू काहीही केलं असतंस तरी आपल्या उन्हाळ्यात टिकल्या नसत्या. ती थंडीची पाहुणी. दिवाळीनंतर यायचं, होळीला निघायचं. हे विकणाऱ्यानं सांगायला हवं, पण जानेवारीत भरभरून फुललेली पिटुनिया हातात देताना कोण सांगणार? बाकीच्या आठ कुंड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा उगम तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यात आहे. मार्गशीर्ष.

ऊन कुठं येतं, सावली कुठं पडते हे तू बघितलंस, पण डिसेंबर-जानेवारीत बघितलंस. त्या दिवसांत सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही. 22 डिसेंबरच्या आसपास सोलापुरात तो पश्चिमेपासून दक्षिणेकडं सुमारे 25 अंश सरकून मावळतो. दुपारी चार वाजता तर तो आणखी दक्षिणेला असतो. म्हणजे तुझ्या पोर्चमधून बघितलं तर डावीकडं, आणि डावीकडं उभी आहे शेजाऱ्यांची पुढं आलेली दोन मजली भिंत. तुला जी गारेगार सावली दिसली ती तुझ्या पोर्चची नव्हतीच. शेजाऱ्यांची होती, आणि तीही हंगामापुरती.

मग उत्तरायण लागलं. सूर्य मावळायची जागा रोज थोडी थोडी उजवीकडं सरकत गेली. 21 मार्चच्या सुमारास तो नेमका पश्चिमेला मावळतो, आणि 21 जूनपर्यंत पश्चिमेच्या उत्तरेला 25 अंश जातो. सगळा मिळून पन्नासेक अंशांचा प्रवास. हात समोर ताठ धरून मूठ वळलीस तर मुठीची रुंदी आकाशात साधारण 10 अंश भरते, म्हणजे पाच मुठी. गड्ड्याला भिंतीआड असलेला सूर्य अक्षय्य तृतीयेला तुझ्या पोर्चच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो. फर्न आणि अग्लोनिमा तू त्या दक्षिणेच्या कोपऱ्यातच ठेवले असणार. ठेवलेस ना?

तू म्हणशील, वर स्लॅब आहे की. आहे, पण स्लॅब डोक्यावरचं ऊन अडवतो, समोरून येणारं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा साडेबाराला तुझा सगळा पोर्च सावलीत असतो, आणि तुला वाटतं, बघा, केवढी सावली! मी तुझ्या मापांवरून कागदावर आकडेमोड केली. स्लॅब फरशीपासून 9 फुटांवर धरला, तर मेच्या मध्यावर ऊन दुपारी दोनला सुमारे 4 फूट आत येतं, तीनला 7 फूट, आणि पावणेचारला आतल्या भिंतीला जाऊन लागतं. तिथून पावणेसातपर्यंत ते भिंतीवरच असतं. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात आतली, सगळ्यात सुरक्षित जागा समजतो, त्या दाराशेजारच्या भिंतीला रोज तीन तास तिरपं, तापलेलं ऊन. अरेका पाम तिथं असेल तर पानांची टोकं आधी करपली असतील, मग अख्खी पानं वाळली असतील.

आता तुझ्या मनी प्लांटचं कोडं. तो जगला, कारण तू त्याला टाकून दिलास तिथंच खरी सावली होती. अडीच फुटी भरीव कठडा पश्चिमेचं ऊन अडवतो. कठड्याला चिकटून ठेवलेल्या, कुंडीसकट दीड फूट उंचीच्या झाडाला मे महिन्यातसुद्धा पावणेएक ते सव्वादोन एवढंच, जेमतेम दीड तास, ऊन लागतं. मग सूर्य कठड्याआड जातो. पश्चिममुखी पोर्चमध्ये सावलीची जागा आत भिंतीशी नसते, पुढं कठड्याच्या पोटाशी असते. हे मला स्वतःला कळायला बरीच वर्षं आणि बऱ्याच कुंड्या लागल्या.

आणखी एक. रोपाच्या चिठ्ठीवर ‘सेमी शेड’ लिहिलेलं असतं ना, त्यात सकाळचं ऊन आणि दुपारची सावली गृहीत असते. सकाळचे चार तास आणि दुपारचे चार तास सारखे नाहीत. सकाळी हवा गार असते, फरशी गार असते, कुंडीतली माती गार असते. दुपारी तीनला हवा चाळिशीच्या वर, फरशी पाय भाजेल अशी, आणि त्यात समोरून ऊन. तुझी बहीण पूर्वेच्या पोर्चमध्ये जे सहज वाढवेल ते तुझ्याकडं जगणार नाही, यात कुणाच्याच हाताचा दोष नाही.

म्हणून झाडं घेण्याआधी एक काम कर. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनपासून सहापर्यंत, दर तासाला उन्हाची कड जिथं असेल तिथं रांगोळीनं रेघ ओढ. खडू चालतो, पण सासूबाईंना रांगोळी दिली तर त्याही येतील मदतीला. त्या रेघांचा मोबाईलवर फोटो काढून ठेव. मग हाच उद्योग दसऱ्याच्या सुमारास आणि संक्रांतीला. माझे आकडे कागदावरचे आहेत. तुझा स्लॅब इंचभर पुढं असेल, कठड्याला जाळी असेल, म्हणून तुझ्या फरशीवरची रेघ खरी धरायची.

आता लावायचं काय ते सांगते, पण जागा धरून सांगते. ‘पोर्चसाठी दहा झाडं’ असल्या याद्यांवर माझा विश्वास नाही.

कठड्याबाहेरची मातीची पट्टी ही तुझ्या घरातली सगळ्यात मोलाची जागा. तिथं वर स्लॅब नाही, दुपारपासून पूर्ण ऊन आहे, आणि मुळांना जमीन आहे. मोगरा तिथं लाव, जमिनीत. सासूबाईंचं इथं शंभर टक्के बरोबर आहे. मोगऱ्याला ऊन हवंच, आणि आपला उन्हाळा हाच त्याचा फुलायचा हंगाम. सावलीत ठेवलेला मोगरा नुसता पानं काढत उंच होतो आणि मग लोक म्हणतात, जात खराब. डिसेंबरात त्याचं पाणी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी छाटायचं, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. फुटव्यांच्या टोकाला कळ्या येतात, म्हणून छाटायला घाबरू नकोस.

त्याच पट्टीत, दक्षिणेकडच्या खांबाशी, एक मधुमालती. हे या सगळ्या पत्रातलं माझं सगळ्यात आग्रहाचं झाड. खांबावरून वर चढवून स्लॅबच्या कडेखाली ताणलेल्या दोन-तीन तारांवर तिला आडवी पसरू दे. दोन वर्षांत तुझ्या पोर्चला पश्चिमेकडून हिरवा पडदा तयार होईल आणि मग आत काय लावायचं हा प्रश्न निम्मा सुटेल. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. वासही सुरेख. मात्र ती आडदांड आहे, वर्षातून एकदा चांगली छाटली नाहीस तर शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरेल. माझ्या स्वतःच्या गेटवर संक्रांतवेल आहे. ऐन गड्ड्यात नंदीध्वज निघतात तेव्हा ती नारिंगी फुलांनी अशी लगडते की पान दिसत नाही. तुला मोह होईल. पण ती फुलते थंडीत, आणि तुला पडदा हवाय एप्रिल-मेमध्ये. तेव्हा फुलणारी मधुमालती तुझ्या कामाची. दोन्ही लावू नकोस, दीड फुटात दोन आडदांड बायका नांदत नाहीत.

वेल मोठी होईपर्यंत दोन उन्हाळे शेडनेट. 50 टक्क्यांची हिरवी जाळी होळीच्या आधी पश्चिमेच्या बाजूला लावायची आणि पाऊस लागला की गुंडाळून ठेवायची. दिसायला काही फार देखणी नाही, पण गोठ्यालासुद्धा लोक लावतात ते उगाच नाही.

कठड्याच्या माथ्यावर सदाफुली. फटीतल्या त्या सदाफुलीनं तुला सांगून टाकलंय की हे ऊन, ही फरशी, हे पाणी तिला मानवतं. पावसात तिच्या आसपास रोपं उगवतील. चार-पाच उचलून आठ-दहा इंची कुंड्यांत लाव, फुकटात काम झालं. अडीच फुटांवर मात्र मुलाचा हात पोचतो, तेव्हा तिथं त्याच्यावर लक्ष ठेव. सदाफुलीतली द्रव्यं इतकी जहाल आहेत की त्यांच्यापासून कॅन्सरवरची औषधं करतात, ती मुलाच्या तोंडात जायला नकोत. कठड्यावरची कुंडी तारेनं ग्रिलला किंवा खिळ्याला बांधायची. वळवाच्या वाऱ्यात पडलेली कुंडी कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही.

तिथंच ‘ऑफिस टाइम’ नावाचं फुलझाड लावायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच, उन्हात चालतं म्हणून. उन्हात चालतं हे खरं, पण त्याचं ऑफिस सकाळी उघडतं आणि दुपारी मिटतं. तुझ्या कठड्यावर ऊन येतंच दुपारी. बाई तयार होऊन निघेपर्यंत कचेरी बंद.

उजवीकडची कडुलिंबाजवळची बाजू ही तुझ्या पोर्चमधली खरी अर्ध्या सावलीची जागा. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडं कलतो तेव्हा उशिराचं ऊन कडुलिंबातून गाळून येतं. फक्त एक लक्षात ठेव. कडुलिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि नवी पालवी दाट होईपर्यंत महिनाभर ही चाळणी फाटकी असते. नेमकं तेव्हाच ऊन चढायला लागतं. तेवढा महिना जाळी इकडंही पुढं ओढ. गळलेली पानं मात्र झाडून टाकू नकोस, कुंड्यांत मातीवर दोन इंच पसर. माती तापत नाही आणि पाणी टिकतं.

या बाजूला माझी निवड अबोली. माझं माहेर अशोक चौकाच्या अंगाला. सगळा तेलुगू विणकरांचा शेजार, दिवसभर मागांची खटखट आणि प्रत्येक दारात तेलाच्या डब्यात लावलेली अबोली. कनकांबरम म्हणायचे. शेजारच्या आज्जी संध्याकाळी डब्यांवर पाणी मारायच्या आणि आम्ही पोरी कान लावून बसायचो, कारण वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तड तड फुटायची आणि बी उडायचं. शेजारच्या डब्यात नवी अबोली अशीच यायची, कुणी लावत नव्हतं. या झाडाला उष्ण हवा आवडते, थेट भट्टीतलं ऊन आवडत नाही, गाळीव उजेडात ते वर्षातला बराचसा काळ फुलतं. वाळलेले तुरे खुडत राहिलीस की पुन्हा फुटतं. एवढं असूनही नव्या घरांच्या पोर्चमध्ये ते मला क्वचित दिसतं. गजऱ्याचं झाड म्हणून ते मागं पडलं असावं. तीन कुंड्या एकत्र ठेव आणि बघ.

तिथंच एक जास्वंद, बारा-चौदा इंची कुंडीत. गणपतीला फूल घरचं. पिठ्या ढेकूण तिच्यावर येणार हे धरून चाल. कापसासारखं पांढरं दिसलं की आधी पाण्याच्या जोरानं धुवायचं, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारलंस तर पानं भाजतील.

कठड्याच्या पोटाशी, जमिनीवर, जिथं मनी प्लांट जगला, तिथं खरं तर झेडझेड, सिंगोनियम, अग्लोनिमा सगळं छान होईल. पण तुझा मुलगा अडीच वर्षांचा. या सगळ्यांच्या पानांत, मनी प्लांटच्यासुद्धा, सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची, घशाची आग होते, सूज येते. डिफेनबाकियाचं तर नावच काढू नकोस. म्हणून आणखी दोन-तीन वर्षं त्या जागी स्पायडर प्लांट आणि पेपरोमिया. दोन्ही बुटकी, दोन्ही मुलाच्या दृष्टीनं निर्धोक. मनी प्लांट उचलून कडुलिंबाच्या बाजूच्या आतल्या कोपऱ्यात उंच टांग. अडेनियम, कण्हेर आणि काटेरी युफोर्बिया आपल्या उन्हाला अगदी सोयीची झाडं आहेत, पण तिन्हींचा चीक वाईट. मुलगा शाळेत जायला लागला की मग विचार कर.

दाराजवळच्या भिंतीला, जिथं पावणेचारनंतर ऊन लागतं, तिथं स्नेक प्लांट. दोनच, पण उंच जातीचे, तीन फुटी लोखंडी स्टँडवर. त्याला सावलीही चालते आणि तिरपं ऊनही सोसतं, आणि मेमध्येसुद्धा माती पूर्ण वाळल्यावरच पाणी. नर्सरीतल्या सावलीतून आणून लगेच उन्हात ठेवू नकोस, त्याच्याही पानांवर पांढरे डाग पडतात. दोन आठवडे सवय लावायची.

तुळशीला जागा गाडीच्या वाटेच्या उजव्या हाताला, कठड्याच्या टोकावर. दिवसाचे चार-पाच तास ऊन आणि येता-जाता नजर. मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर झाड बी धरून लवकर म्हातारं होतं.

आता पाण्याकडं येते, कारण निम्मी झाडं उन्हानं गेली असतील तर उरलेली पाण्यानं. कमी पाण्यानं नाही, कसल्या पाण्यानं हे महत्त्वाचं. तुझ्या कुंड्यांच्या कडेला पांढरा थर बसलाय का बघ. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत ते. रोज थोडं थोडं पाणी घातलंस की पाणी उडून जातं, क्षार मातीत साठत राहतात. स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात ती यानंच. आणि तुझा इक्झोरा पिवळा पडला असणार, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. त्याला आंबट माती लागते. आपली काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही चुनखडीचं, त्यात लोह असूनही त्याला घेता येत नाही. अनंताचंही तसंच. मी अनंताची तीन रोपं घालवली. दोन बोअरच्या पाण्यानं. तिसऱ्याला मोठ्या शहाणपणानं पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी घातलं, फिल्टरचं म्हणजे चांगलंच असणार म्हणून. अगं, तो फिल्टर क्षार काढतो आणि काढलेले क्षार त्याच फेकायच्या पाण्यात येतात! ते बोअरपेक्षा जड. तिसरा अनंत सगळ्यात लवकर गेला. ते पाणी फरशी पुसायला वापर.

झाडांसाठी नळाचं पाणी झाकणाच्या पिंपात साठव, आणि एसी असेल तर त्याचं थेंब थेंब पाणी बादलीत धर, ते जवळपास पावसाच्या पाण्याइतकं निर्मळ असतं. बोअरचंच घालावं लागलं तर रोज घोटभर घालण्याऐवजी माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत वाळल्यावर, खालून निथळेपर्यंत घाल, म्हणजे क्षार वाहून जातात. पावसाळ्यात पहिला दमदार पाऊस आला की सगळ्या कुंड्या उघड्यावर काढून धुऊन घे. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी झाडाला कधीच नको, मेमध्ये ते हाताला चटका देतं. पहाटे घाल. ताटल्यांत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून कोरडं कर, डेंग्यूचे डास तिथंच होतात.

किती झाडं हे पैशांवरून ठरवू नकोस, पाण्यावरून ठरव. बारा इंची कुंडीला मेमध्ये एका वेळी दीड-दोन लिटर लागतं. दिवसाला एक बादली झाडांना देता येत असेल तर आठ-दहा मोठ्या कुंड्या आणि थोड्या लहान, याच्यापुढं जायचं नाही. मग तीन हजारांपैकी निम्म्याहून जास्त कुंड्या, माती आणि जाळीवर घाल. मी सांगितलेली बहुतेक रोपं स्वस्तच आहेत, अबोली आणि मोगरा तर कुणाकडून मागूनही मिळतील.

मातीचं थोडक्यात. शेतातली काळी माती कुणी पोतं भरून देईल, कुंडीत भरू नकोस. ओली झाली की चिखल, वाळली की वीट, आणि कडेनं फट पडून पाणी सरळ खाली जातं. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी भिजवून ते पाणी फेकून दे, त्यातही मीठ असतं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेला नकोत, मुळं शिजतात. कुंभाराच्या मातीच्या कुंड्या घे.

आणि आत्ता काहीच आणू नकोस. मृग लागला म्हणून नर्सरीत धावू नकोस, आपल्याकडचा मृग पुष्कळदा नुसता ढग दाखवून जातो. दोन चांगले पाऊस होऊ देत, हवा ओली होऊ दे, जुलै उजाडला तरी हरकत नाही. सोलापूरचा भरवशाचा पाऊस तसाही सप्टेंबरचा, त्याच्या आधी मुळं धरली म्हणजे झालं. नर्सरीतली कितीतरी रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या गावांतून, दमट हवेत वाढून येतात. आणल्या आणल्या कुंडी बदलू नकोस, आठ-दहा दिवस कठड्यामागं बसू दे, मग जागेवर ने.

घरच्यांना सांग, प्लॅस्टिकची फुलं पश्चिमेच्या उन्हात एका उन्हाळ्यात फिकट होऊन तुकडे पडायला लागतात, आणि त्यांच्यावरची धूळ पुसायला पाणी लागतंच. पिटुनियाची हौस असेल तर जरूर आण, दिवाळीनंतर. शेवंतीही आण. दक्षिणेचा तो कोपरा दिवाळी ते होळी खरोखरच सुंदर असतो, तेवढे चार महिने तिथं पाहुण्या झाडांची आरास कर.

होळीनंतर त्या कोपऱ्यात स्कूटर लाव. सीटवर जुनी सोलापुरी चादर टाकलीस की झालं.